अठरा पूर्ण झाली, आता सही कोणाची?

आपल्या मुलाच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार मूल अठरा वर्षांचं झालं की संपतो. १८७५च्या सज्ञानता कायद्याने ते वय ठरवलं आणि १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ‘नैसर्गिक पालक’ हे पद फक्त अज्ञान मुलापुरतं ठेवलं. सातबाऱ्यावर मुलाच्या नावाशेजारी ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई’ अशी नोंद असते, ती याच हिशेबाने. बहुतेक घरांत हा बदल कोणाच्या लक्षातही येत नाही. मुलगा कॉलेजात जातो, स्वतःचं खातं उघडतो, मतदार यादीत नाव घालतो.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरी मात्र तो लगेच लक्षात येतो. बँक सांगते, खातेदार सज्ञान झाला, आता त्याची सही आणा. पासपोर्टच्या अर्जावर, रुग्णालयाच्या संमतीपत्रावर, वारसाच्या कागदावर तीच अडचण. ज्या मुलाला आजही दात घासायची आठवण करून द्यावी लागते, तो कायद्याच्या लेखी पूर्ण स्वतंत्र नागरिक असतो. आणि त्याच सुमारास विशेष शाळाही संपते, कारण कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयापुरताच आहे.

मदतीच्या योजना आपल्याकडे कमी नाहीत. अडचण अशी की त्या आरोग्य, महसूल, समाजकल्याण, अर्थ, रेल्वे अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरल्या आहेत आणि आधी काय करायचं, नंतर काय, हे कोणतंच खातं सांगत नाही. त्यामुळे बहुतेक पालक पहिली धाव तहसील कचेरीत मासिक अनुदानासाठी घेतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. अनुदान सगळ्यांत शेवटी पाहावं. आधी प्रमाणपत्र, मग पालकत्व, मग पेन्शन.

प्रमाणपत्रापासून सुरुवात करायची, कारण त्याच्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि त्यांत ऑटिझम नव्हता. त्यामुळे त्या काळात वाढलेल्या अनेक स्वमग्न मुलांच्या हाती ‘मतिमंद’ असा शेरा असलेलं प्रमाणपत्र पडलं. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला, यादी एकवीसवर गेली आणि ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. आज तिशीकडे झुकलेल्या मुलाचं जुनं प्रमाणपत्र कपाटात असेल तर ते नव्या कायद्याप्रमाणे करून घ्या. लहानपणी मिळालेल्या प्रमाणपत्रावर बहुधा मुदत असते, तीही पाहा. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर चालू असलेला लाभही थांबू शकतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते आणि त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र मिळतं. ऑटिझमची तीव्रता मोजायला ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या खाली आले तर ऑटिझम नाही असं धरतात. त्यापुढे सौम्य, मध्यम, तीव्र. या गुणांवरून टक्केवारी निघते. चाळीस टक्क्यांपासून बहुतेक योजनांचा हक्क सुरू होतो आणि ऐंशी टक्क्यांना तीव्र दिव्यांगत्व धरतात. २०२४च्या नियमांनुसार कार्डाचा रंगही टक्केवारीवर ठरतो: चाळीसच्या आत पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, त्यापुढे निळा. रंगाने काय फरक पडतो ते मुंबईत दिसतं. बृहन्मुंबई महापालिकेच्या दिव्यांग अर्थसहाय्य योजनेत पिवळ्या कार्डाला महिना १,००० रुपये आहेत, निळ्याला ३,०००.

या तपासणीला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. दहा-पंधरा वर्षं थेरपी, ताई-दादांची मेहनत, आईचा हट्ट, या सगळ्यांतून मुलगा ‘नमस्कार’ म्हणायला आणि दहा मिनिटं खुर्चीत बसायला शिकलेला असतो. डॉक्टरांसमोर तो नेमकी तीच दहा मिनिटं छान बसतो. त्यात आपल्या लोकांना चांगलं तेवढं सांगायची खोड. ‘आता खूप सुधारलाय हो’ हे वाक्य नातेवाइकांसाठी ठीक आहे, तपासणीच्या टेबलावर ते महागात पडतं. खोटं काही सांगायचं नाही, मुलाला नाटक तर मुळीच शिकवायचं नाही. पण एका कागदावर लिहून न्या: आंघोळ कोण घालतं, रस्ता एकटा ओलांडतो का, दुकानातून दूध आणून सुटे पैसे मोजून परत घेतो का, कुकरच्या शिट्टीने काय होतं, रात्री झोपतो का. शाळेचे आणि थेरपीचे जुने अहवालही सोबत न्या. बौद्धिक अक्षमताही असेल तर दोन्ही नोंदी प्रमाणपत्रावर याव्यात असा आग्रह धरा, कारण काही ठिकाणी एक नोंद चालते, काही ठिकाणी दुसरी.

आता पालकत्व. हा भाग सगळ्यांत कमी माहीत असलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांपुरताच आहे. त्याच्या चौदाव्या कलमाने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून मिळतो आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात तिघांची एक स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालकांमध्ये तिला ‘एलएलसी’ म्हणतात. अर्ज न्यासाच्या संकेतस्थळावरून करता येतो. मुलाचा जन्मदाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, पत्त्याचे पुरावे, होऊ घातलेल्या पालकाची संमती, ही मुख्य कागदपत्रं. भावंडांचं ना-हरकत पत्र जोडलेलं बरं. वकिलाची गरज नाही. मात्र समितीची बैठक कधी लागते हे जिल्ह्यागणिक बदलतं, म्हणून हेलपाट्यांची तयारी ठेवावी.

अर्ज आईवडिलांनी मिळून करायचा. दोघांपैकी एक नसेल किंवा घटस्फोट झाला असेल तर एकट्याने करता येतो. आईवडील स्वतःलाच पालक नेमून घेऊ शकतात, तसंच आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कोणाचं नावही सुचवू शकतात. आपण सत्तरीला टेकलो असू तर या दुसऱ्या पर्यायाचा विचार आत्ताच करावा. इथे दोन अटी लोकांना ऐनवेळी कळतात. पहिली, पालक भारताचा नागरिक असावा लागतो. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत ‘आमच्यानंतर थोरला बघेल’ असं ठरलेलं असतं आणि थोरल्याने न्यू जर्सीत केव्हाच अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं असतं. त्याचं प्रेम, त्याचे डॉलर सगळं खरं, पण तो कायदेशीर पालक होऊ शकत नाही. दुसरी अट मुलींसाठी आहे. स्वमग्न मुलीचं पालकत्व एकट्या पुरुषाला मिळत नाही. त्याच्यासोबत त्याची पत्नी सहपालक लागते.

पालक झालेल्याने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची, येणी-देण्यांची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यायचा असतो. अनेकांना हा जाच वाटतो. मला उलट यातच या कायद्याचं शहाणपण दिसतं. उद्या आपल्या जागी पुतण्या किंवा भाचा आला तर त्यालाही हाच हिशेब द्यावा लागणार आहे. आणि पालक निष्काळजी किंवा लबाड निघाला तर त्याला दूर करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

पण प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालक हवाच असं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. ऑटिझमचा पट्टा लांबलचक आहे. जो मुलगा नोकरी करतो, पैशाचे व्यवहार समजतो, फक्त माणसांत बुजतो, त्याच्यावर पालक नेमणं म्हणजे त्याचे हक्क विनाकारण काढून घेणं. भारताने २००७ साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार आणि २०१६चा आपला कायदा, दोन्ही असं धरून चालतात की निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, गरज असेल तिथे मदत द्यायची. म्हणूनच २०१६च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. आपल्या मुलाला कोणता मार्ग लागू पडतो हे शेजारच्या पालकांना विचारून ठरवू नका. मूल काय समजतं आणि काय समजत नाही हे प्रामाणिकपणे पाहून ठरवा.

पालकत्वाचं प्रमाणपत्र हाती आलं की बँकेचं काम सोपं व्हायला हवं. व्हायला हवं म्हणतो, कारण काउंटरवरच्या माणसाने हा कागद आधी पाहिलेला असेलच असं नाही. ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना कळवलेलं आहे की खातं उघडायला आणि चालवायला स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरावं. त्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा आणि शाखाधिकाऱ्यांपुढे नम्रपणे ठेवा.

आता पेन्शन. सरकारी नोकरीतल्या पालकांसाठी सगळ्यांत मोठा लाभ हा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. सर्वसाधारण मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन ठरावीक वयापर्यंतच मिळतं, केंद्रात ते वय पंचवीस आहे. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला मात्र ते आयुष्यभर मिळतं. केंद्राच्या २०२१च्या पेन्शन नियमांतला नियम ५० आणि महाराष्ट्राच्या १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम ११६ या दोन्ही ठिकाणी ही सोय आहे. जोडीदाराची पाळी आधी, मग पात्र वयाची इतर मुलं, मग दिव्यांग मूल. केंद्राचं किमान कुटुंब निवृत्तिवेतन ९,००० रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. तहसीलचं अनुदान याच्या आसपासही येत नाही.

केंद्रात उत्पन्नाची अटही फेब्रुवारी २०२१मध्ये सैल झाली. मुलाचं इतर मार्गांनी येणारं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या सर्वसाधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के अधिक महागाई दिलासा यापेक्षा कमी असलं की तो पात्र ठरतो. इथे एक खाच आहे. काळजीपोटी पालक मुलाच्या नावावर मोठमोठ्या ठेवी ठेवतात, त्यांचं व्याज हे त्याचं उत्पन्न धरलं जातं आणि आयुष्यभराचं पेन्शन त्या व्याजापायी अडतं. ठेवी कोणाच्या नावावर, किती, हे पेन्शनचा हिशेब मांडून मगच ठरवा.

मुलाचं नाव पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये पालकांच्या हयातीतच घालून घेता येतं. त्यासाठी कार्यालयात वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकत्वाचा कागद द्यायचा असतो. कर्मचारी किंवा पेन्शनर गेल्यानंतर हेच काम बहिणीला किंवा काकाला करावं लागतं आणि ‘मूल आधीपासूनच दिव्यांग होतं का’ इथून चौकशी सुरू होते. खासगी नोकरीतल्यांसाठी १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी व पूर्ण दिव्यांग मुलाला वयाची अट नाही. रक्कम लहान असते, पण ती सोडायचं कारण नाही.

मासिक अनुदानाकडे आता येऊ. महाराष्ट्रात ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळतं. अर्ज तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रातून होतो. चाळीस टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. रक्कम बरीच वर्षं चेष्टेची होती. २०२३मध्ये ती १,५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५००. गोव्यात हेच काम दयानंद सामाजिक सुरक्षा योजना करते. २०१६च्या कायद्याचं चोविसावं कलम सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त हवी.

उत्पन्नाची मर्यादा मात्र मला अन्यायाची वाटते. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. शिपायाचं, रिक्षावाल्याचं घरसुद्धा या मर्यादेत बसत नाही. मूल कायद्याने स्वतंत्र, पण अनुदान मागायला गेलं की वडिलांच्या पगाराचा दाखला द्यायचा, हे न पटणारं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांचा अनुभव नेमका उलटा असतो. तिथे एसएसआय या केंद्रीय मदतीसाठी मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं उत्पन्न मोजायचं बंद होतं. फक्त मुलाच्या स्वतःच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मोजण्याजोगी मालमत्ता नसावी. म्हणजे सुस्थितीतल्या घरातलं मूलही अठराव्या वर्षी पात्र ठरू शकतं. आपल्या मागणीपत्रांत ही एक मागणी ठळकपणे यायला हवी.

ज्यांचं उत्पन्न करपात्र आहे त्यांना आयकरात सवलत आहे. दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची आणि ऐंशी टक्क्यांवर असेल तर १,२५,००० रुपयांची सरळ वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, रक्कम हीच. सनदी लेखापालांच्या तोंडी हे कलम ‘८० डीडी’ म्हणून आहे. २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेवढं लक्षात ठेवा. ही वजावट जुन्या कररचनेतच मिळते. कंपनीने ‘नवी रचना फायद्याची’ म्हणून सरसकट फॉर्म भरून घेतला असेल तर या वजावटीसकट एकदा हिशेब करून पाहा.

आरोग्य विम्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे: वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात परत मिळतो. हप्ता काही शे रुपयांचा. नोंदणी न्यासाशी जोडलेल्या संस्थेमार्फत होते आणि दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण करावं लागतं. तेवढंच लोक विसरतात. एक लाखात आज मोठं ऑपरेशन होत नाही हे खरं, तरी बाजारातल्या विमा कंपन्यांकडे ऑटिझमचं नाव काढल्यावर जे ऐकायला मिळतं ते पाहता निरामय घेऊनच ठेवावी. एसटीत तिकिटाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे. रेल्वेच्या सवलतीसाठी तिच्या स्वतःच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या गावात तो पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के दिव्यांग आरक्षणातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटांना मिळून आहे. प्रत्यक्षात फारच थोड्या स्वमग्न तरुणांपर्यंत तो पोचतो.

मृत्युपत्राबद्दल दोन शब्द. ठेवीवर, विम्यावर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं की काम झालं, हा मोठाच गैरसमज. नॉमिनी हा सहसा फक्त पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. घर आणि मोठी रक्कम थेट मुलाच्या नावावर करण्याऐवजी १८८२च्या न्यास कायद्याखाली एक खासगी ट्रस्ट करून, त्याच्या खर्चासाठी पैसे कसे वापरायचे हे लिहून ठेवणारे पालक हळूहळू वाढत आहेत. दोन-तीन विश्वासू माणसं आणि एखादी संस्था विश्वस्त असावी. सोबत एक साधं पत्र ठेवा: मुलगा काय खातो, कशाला घाबरतो, कोणती औषधं चालतात, चिडला की त्याला कसं शांत करायचं. त्या पत्राला कायद्याची किंमत नाही, पण आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात तेच उपयोगी पडेल.

मुलाचं वय आज सोळा-सतरा असेल तर प्रमाणपत्राची मुदत तपासा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एलएलसीची चौकशी करून ठेवा. अर्ज अठरा पूर्ण झाल्यावर लगेच करा. आणि तुम्ही सरकारी पेन्शनर असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून या महिन्यातच पेन्शन पेमेंट ऑर्डर काढून पाहा. तिच्यात मुलाचं नाव नसेल, तर तिथूनच कामाला लागा.